संध्याकाळचा भार

जुन्नर
६ नोव्हेंबर २००५

प्रिय वृषाली,

दिवाळीचा फोन अर्धाच राहिला. आमचा फोन दुकानात, गल्ल्याशेजारी. सासरे समोर बसलेले असताना मनातलं काय बोलणार? म्हणून हे पत्र. मंचरच्या कॉलेजात असताना सुट्टीत एकमेकींना लिहायचो, तसंच समज.

आमच्याकडे सध्या एकच विषय चालू आहे, मीटर. डाळमिलचं चकती फिरणारं जुनं मीटर काढून नवीन बसवलंय. त्यात लाल आकडे चमकतात. हे मीटर म्हणे घड्याळ बघतं! संध्याकाळी सहा ते दहा विजेचा दर जास्त, आणि उशिरा रात्रीपासून पहाटेपर्यंत कमी. आमचा नवरोबा संयम म्हणतो, गिऱ्हाईक संध्याकाळी येतं, मिल तेव्हाच चालणार. सासरे म्हणतात, वेळेप्रमाणे भाव बदलायला वीज म्हणजे काय भाजी आहे? दोन दिवस बापलेकांचं हेच चाललं होतं. शेवटी सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "संध्याकाळी मिल चालवायचीच कशाला? पहाटे उठा." झालं. दुसऱ्या दिवसापासून मिल पहाटे सुरू.

त्यांचं असंच. तुला माहीतच आहे, आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात. माझ्या माहेरी मंचरला ते पर्युषणापुरतं होतं. इथे सासूबाईंच्या, कस्तुरबाईंच्या घरात बारा महिने. पाच वाजता तवा तापतो आणि दिवेलागणीला स्वयंपाकघर झाडून, पुसून बंद. पाच वर्षं झाली, पण संध्याकाळी सात वाजता मला अजून भूक लागते आणि अजून राग येतो. इन्व्हर्टरही आणू देत नाहीत. म्हणतात, अंधारात कुणाचं काय अडलंय?

असो. तुझा वर्ग कसा चाललाय? आणि त्या मुलीचा हात बरा झाला का?

तुझी,
हर्षा


निरगुडसर
२० नोव्हेंबर २००५

प्रिय हर्षा,

तुझं पत्र आमच्या नवरोबाने, आदेशने, पोस्टमनकडून रस्त्यातच घेतलं आणि "तुझ्या मैत्रिणीने मीटरवर निबंध लिहिलाय" म्हणून हातात दिलं. आधी हसले. मग दोनदा वाचलं, कारण आमच्या वस्तीवरही सध्या हाच विषय आहे.

त्या मुलीचं आधी सांगते. इंद्रायणी, आमच्या चुलत सासऱ्यांची, चिमाजीकाकांची मुलगी. दहावीच्या मुलींना मी संध्याकाळी समाजमंदिरात शिकवते. गेल्या वर्षी वीज गेली म्हणून त्यांनी रॉकेलचा दिवा लावला, तो कलंडला आणि इंद्रायणीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. परीक्षा हुकली. हात आता बरा आहे, लिहिते. पण ज्योत दिसली की उठून जाते. मेणबत्ती, कंदील, काही चालत नाही. दिवसभर घरचं आणि शेतातलं काम, अभ्यासाला मिळते ती संध्याकाळ, आणि आमच्याकडे वीज जाते तीही रोज संध्याकाळीच. ही पोर यंदाही राहील असं मला वाटायला लागलं होतं.

गेल्या आठवड्यात वीज ऑफिसचे साहेब आले. म्हणाले, संध्याकाळी सगळ्या जिल्ह्याचा भार एकदम वाढतो म्हणून आम्हाला लाइन बंद करावी लागते. तुमच्या गावाने सहा ते दहा फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवले, तर तुमची लाइन चालू ठेवू. ट्रान्सफॉर्मरवर मीटर बसवू, ते तासातासाचा भार लिहून ठेवेल. संध्याकाळी थ्री-फेज नसते, तेव्हा कंडेन्सर टाकून एका फेजवर शेतातल्या मोटरी चालवायच्या नाहीत, विजेच्या शेगड्या पेटवायच्या नाहीत. भार वाढला की लाइन आपोआप पडेल. संक्रांतीपासून महिनाभर करून बघा, जमलं तर कायमचं.

लोक हसले. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे रखमाजी, सगळ्यांत मागे बसले होते. ते म्हणाले, "आमी कवा पाणी भरायचं त्ये आता घड्याळ सांगनार व्हय?" आणि उठून गेले. चिमाजीकाका मात्र पोरीसाठी हट्टाला पेटलेत, घरोघर फिरतात. दोघे सख्खे चुलतभाऊ, पण बांधावरून बिनसल्यापासून एकमेकांच्या दारात जात नाहीत. त्यामुळे चिमाजीकाका हो म्हणाले की आबा नाही म्हणणार, हे ठरलेलं.

मोटरींचं पुरुष बघतील. शेगड्यांचं बायकांना बघायला हवं. वस्तीवर घरटी एक शेगडी आहे आणि सगळ्यांचा स्वयंपाक सातला. तुझ्या सासूबाई दिवसाउजेडी सगळं कसं उरकतात? त्यांना विचारून लिही. चेष्टा करत नाहीये.

तुझी,
वृषाली


जुन्नर
४ डिसेंबर २००५

प्रिय वृषाली,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. वाटलं होतं, दोन वाक्यांत संपवतील. त्या हात पुसून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लिही."

तर हे त्यांचं सांगणं. संध्याकाळ सहाला सुरू होत नाही, चारला होते. जिला पाचला चूल पेटवायची तिने डाळ सकाळीच भिजत घालावी, भाजी दुपारी चिरावी. पीठ चारला मळावं. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी जेवतील, त्यांना तेच बरं असतं. शेतावरून उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं, पण त्याच्यासाठी पुन्हा शेगडी पेटवू नये. भाकरी फडक्यात आणि कालवण चुलीच्या उबेला ठेवलं की पुरतं. सुरुवातीचे काही दिवस भूक चुकीच्या वेळी लागेल. मग पोट शिकतं.

आणि शेवटी म्हणाल्या, "तिला लिही, घरातला जो माणूस ऐकत नाही त्याच्याशी वाद घालू नको. त्याला आधी वाढ."

मी विचारलं, तुम्हाला कधी जड गेलं नाही का? म्हणाल्या, "मी जोधपूरकडून इथे आले तेव्हा तेरा वर्षांची होते. भाषा कळत नव्हती. दिवस मावळला की घराची फार आठवण यायची. पण तेव्हा हाताला काम नसायचं, म्हणून सासू शेजारी बसून मला मराठी शिकवायची. काम असतं तर कुणी शिकवलं असतं?"

पाच वर्षांत हे मला माहीत नव्हतं, वृषाली. मला वाटायचं, या नियमावर नियम ठेवून जगतात. आता रोज विचारतात, निरगुडसरचं पत्र आलं का?

तुझी,
हर्षा


निरगुडसर
२५ जानेवारी २००६

प्रिय हर्षा,

उशिराबद्दल रागावू नकोस. संक्रांतीपासून गावात प्रयोग सुरू झालाय.

हळदीकुंकवाला मी कस्तुरबाईंचं सगळं बायकांना सांगितलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई कुशाबाई, आधी म्हणाल्या, "पाचला जेवायला आमी काय आजारी हाये?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच चारला पीठ मळायला घेतलं. सहाला भांडी घासून झाली आणि त्यांना काय करावं सुचेना. ओट्यावर जाऊन बसल्या. समोरच्या भागूबाई त्यांच्या ओट्यावर. मग दोघी एका ओट्यावर. मला म्हणाल्या, "अगं, लगीन झाल्यापास्नं ही येळ मी कधी बघितलीच न्हाई."

आणि सहाला लाइट गेली नाही. सात वाजले, तरी गेली नाही. समाजमंदिरात इंद्रायणी भिंतीला टेकून भूमितीचं प्रमेय लिहीत होती आणि अधूनमधून वर बल्बकडे बघत होती. चिमाजीकाका दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते, आत आले नाहीत.

पण आठवडाभराने लाइन पडली. परवा पुन्हा पडली, काल पुन्हा. कोणीतरी कंडेन्सर टाकून मोटर चालवतंय. ट्रान्सफॉर्मरवरचं मीटर भार दाखवतं, नाव दाखवत नाही. साहेबांनी निरोप पाठवलाय, असंच चाललं तर महिना पुरा व्हायच्या आधीच प्रयोग बंद. चिमाजीकाका म्हणतात, "ज्याची मोटर घावंल त्याची हिरीत टाकीन." काल अंधार झाल्यावर बाकीच्या मुलींनी कंदील लावला आणि इंद्रायणी दप्तर उचलून घरी गेली.

कोण आहे कळत नाही. जास्त लिहीत नाही.

तुझी,
वृषाली


जुन्नर
३० जानेवारी २००६

प्रिय वृषाली,

"कोण आहे कळत नाही, जास्त लिहीत नाही." तू असं लिहितेस तेव्हा तुला सगळं कळलेलं असतं. विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग.

हे पत्र घाईत लिहितेय. मंचरला साध्वीजी आल्या आहेत, त्यांच्या दर्शनाला सासूबाई शुक्रवारी जाणार आणि येताना तुझ्याकडे एक दिवस राहणार. मी खूप अडवलं. ऐकत नाहीत. तुझ्यावर हे ओझं पडतंय म्हणून आधीच माफी मागते. कांदा, लसूण, बटाटा नको, पाणी गाळून, जेवण दिवसा. आणि त्यांच्यासमोर गावातली भांडणं काढू नकोस, उपदेश सुरू करतील. मग तुझ्या आबांचं आणि त्यांचं जुंपेल.

तुझी,
हर्षा


निरगुडसर
८ फेब्रुवारी २००६

प्रिय हर्षा,

तुला खरं ते सांगते. मोटर आबांची होती.

मला पहिल्याच दिवशी कळलं. लाइन पडली तेव्हा आबा घरात नव्हते, आणि परतले तेव्हा धोतराचा काठ ओला होता. आत्याबाईंनीही पाहिलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून गप्प राहिलो. आदेश बोलायला गेला तर म्हणाले, "माझं रान, माझी मोटर." ज्या वर्गासाठी मी गावभर फिरले, त्या वर्गाचा दिवा माझ्याच घरातून विझत होता. इंद्रायणीच्या नजरेला नजर देता येईना. तुला लिहितानाही हात थांबला.

आणि त्यात तुझ्या सासूबाई आल्या.

दुपारी एसटीतून उतरल्या, हातात पिशवी, डोक्यावर पदर. आदेश गाडी काढत होता तर म्हणाल्या, चालत जाऊ. ट्रान्सफॉर्मरपासून आमच्या घरापर्यंत सगळी शेतं बघत आल्या. आल्यावर हातपाय धुऊन ओट्यावर बसल्या. आबा लांब खाटेवर होते. पाहुण्या बाई उपदेश करायला आल्यात असं त्यांनाही वाटत असावं, कारण पाठ करूनच बसले होते.

पाचला आम्ही पानं घेतली. कस्तुरबाई म्हणाल्या, "आधी रखमाजीभाऊंना वाढा." आबांना नाही म्हणता येईना. दोन घास गेल्यावर कस्तुरबाईंनी विचारलं, "भाऊ, येताना बघितलं. वरच्या शेतात सऱ्या पाण्याने भरलेल्या. तुमच्या टोमॅटोची पानं मात्र वळलीत, सऱ्या कोरड्या. दिवसा तुमची मोटर बंद होती का?"

आबांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"चालू व्हती," ते म्हणाले. "नुसती गुरगुरती. पाणी उचलत न्हाई."

"का बरं?"

"दिवसा थ्री-फेज आली का सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू व्हत्यात. ट्रान्सफार्मर चिमाजीच्या बांधाला. माझी हीर शेवटाला. माझ्यापत्तूर यायाला व्होल्टेज ऱ्हातंय कुठं?"

"किती दिवस झाले?"

"लई दिस झालं. हे संक्रांतीचं निघायच्या आदीपास्नं. संध्याकाळी लाइट आसंल तेवडा येळ लाइन मोकळी असती, तवा तेवडं पाणी निघायचं. आता त्ये बी बंद करा म्हनत्यात."

"हे कुणाला सांगितलंत?"

आबांनी पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला. मग म्हणाले, "सांगितलं तर मागितल्यावानी व्हतं."

हर्षा, मी या घरात राहते. आम्ही सगळे त्यांना हट्टी म्हणत होतो. दिवसा मोटरीचं काय होतं, हा प्रश्न आमच्यातल्या एकानेही विचारला नव्हता. कस्तुरबाई पुढे काहीच बोलल्या नाहीत. "भाजी छान झालीय" म्हणाल्या, दिवस मावळायच्या आत पाणी प्यायल्या आणि आत्याबाईंबरोबर ओट्यावर जाऊन बसल्या. त्या संध्याकाळी आबा रानात गेले नाहीत. लाइन पडली नाही.

सकाळी मारुतीच्या देवळात सगळे जमले होते, प्रयोगाचं काय करायचं ते ठरवायला. चिमाजीकाका तावातावाने बोलत होते. आबा आले. हातात कंडेन्सर होता, वायरी लोंबत होत्या. तो त्यांनी सगळ्यांच्या मधे ठेवला.

"माझी मोटर व्हती," म्हणाले.

चिमाजीकाका उठून उभे राहिले. चेहरा लाल. मला वाटलं, आता यांचा हात उठणार. आबा जागचे हलले नाहीत. "तुझ्या पोरीचा दिवा मी घालवला, चिमाजी. मला म्हाईत असून घालवला. हिरीत टाकायची तर टाक मोटर. पर दिवसा ती पाणी उचलत न्हाई, यवडं ऐकून घे." आणि कस्तुरबाईंना सांगितलेलं सगळं त्यांनी सांगितलं. सावकाश, खाली बघून. मी लग्न होऊन आल्यापासून आबांना चारचौघांत इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

चिमाजीकाका तसेच उभे. मग म्हणाले, "आन ह्ये आमाला काय सपनात कळनार व्हतं? माझी मोटर तुमच्या मोटरीचं खातीया, ह्ये सांगाया तोंड न्हवतं?"

"तुझ्या दारात येत न्हाई ना मी."

"मंग हाक मारायची बांधावरनं!"

कोणीतरी हसलं. चिमाजीकाका खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "उद्यापास्नं दिवसा पयली मोटर तुमची. तिनं पाणी धरलं का हाक मारा. मंग तुमच्या वरची, मंग त्याच्या वरची. माझी सगळ्यांच्या शेवटी."

वस्तीवरचा सावळेराम म्हणाला, "काका, तुमची तर कांद्याची लागण चालूया."

"थांबंल कांदा. पोरगी एक वरीस थांबली माझी."

कस्तुरबाई बायकांत बसल्या होत्या. पूर्ण बैठकीत त्यांनी तोंड उघडलं नाही. निघताना आत्याबाईंनी त्यांची ओटी भरली आणि दोघी रडल्या. का ते विचारू नकोस, मलाही सांगता येणार नाही.

तू म्हणालीस, उपदेश करतील. त्यांनी फक्त चार प्रश्न विचारले. अशी सासू तुला मिळालीय, हर्षा, आणि तू तिच्या जेवणाच्या वेळेवर रागावतेस!

तुझी,
वृषाली


जुन्नर
१९ फेब्रुवारी २००६

प्रिय वृषाली,

तुझं पत्र येईपर्यंत मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. आल्यावर विचारलं, कसं झालं? तर म्हणाल्या, "चांगली माणसं आहेत. टोमॅटो वाळत होते, आता जगतील." बस. मला वाटलं, शेतीबद्दल काहीतरी बोलतायत.

पत्र वाचून स्वयंपाकघरात गेले. त्या पीठ मळत होत्या. म्हटलं, तुम्ही हे सगळं केलंत आणि मला सांगितलं नाहीत? म्हणाल्या, "मी काय केलं? चूक कबूल केली त्या माणसाने. आपली पाळी मागे घेतली दुसऱ्याने. मी जेवून आले."

संयमला आणि सासऱ्यांना दुकानात पत्र वाचून दाखवलं, गिऱ्हाइकांसमोर. सासरे चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, तिला मी पन्नास वर्षं ओळखतो, ती माझ्याशीही असंच करते. नुसते प्रश्न विचारते आणि निघून जाते.

आता चारला मी स्वतःहून स्वयंपाकघरात जाते. भूक अजून सातलाच लागते, खोटं कशाला बोलू? पण ती वेळ आता आम्ही दोघी बाहेर ओट्यावर घालवतो. त्या मला मारवाडातल्या गोष्टी सांगतात. गल्लीतल्या बायकाही यायला लागल्यात.

महिना पुरा झाला का? काय झालं ते लगेच कळव. इकडे सगळे विचारतायत.

तुझी,
हर्षा


निरगुडसर
२ जुलै २००६

प्रिय हर्षा,

महिना पुरा झाला ते फोनवर ओरडून सांगितलंच होतं. साहेब आले, मीटरमधला भार बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, या वस्तीची लाइन आता संध्याकाळी बंद होणार नाही. तेव्हापासून झालेली नाही. शेजारच्या दोन गावांतली माणसं येऊन विचारून गेली. त्यांना दिवसाच्या मोटरींचा क्रम आबा आणि चिमाजीकाका मिळून समजावतात, आणि समजावता समजावता भांडतात.

आता मुख्य. इंद्रायणी पास झाली. विज्ञानात तर वर्गात पहिली. पेढे घेऊन आधी आमच्याकडे आली. आबांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिचा भाजलेला हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "फुडं काय?" ती म्हणाली, मंचरला अकरावी. पण बाबा म्हणतात, कांदे विकल्यावर बघू.

आबा उठले, टोपी घातली आणि चिमाजीकाकांच्या घराकडे चालू लागले. आत्याबाई माझा हात धरून दारात उभ्या. इतक्या वर्षांत ते त्या उंबऱ्याला गेले नव्हते. आत काय बोलणं झालं माहीत नाही. आवाज चढलेले ऐकू आले, मग उतरले, मग चहाच्या कपांचा आवाज आला.

काल दोघेही तिला घेऊन एसटीने प्रवेशाला गेले. दोघांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. तिथे काय झालं ते इंद्रायणीने संध्याकाळी येऊन सांगितलं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, यातले वडील कोण? चिमाजीकाका म्हणाले, मी. मग त्याने आबांकडे पाहून विचारलं, आणि हे?

चिमाजीकाकांनी आबांना दंडाला धरून पुढे ओढलं आणि म्हणाले, "ह्ये माझं थोरलं भाऊ. यांची बी सही घ्या."

तुझी,
वृषाली